दोन बोटं उंच

ठाकूरद्वारच्या वाचनालयात नव्या खुर्च्या आल्या आहेत. रविवारी परळहून चालत आलो, जिना चढलो आणि दारातच थबकलो. जुनी बाकं गेली होती. त्यांच्या जागी लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना गोल बैठकीच्या, वेताच्या जाळीच्या, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या. खिडकीतलं ऊन त्यांच्या पाठींच्या कमानींवरून घसरत होतं.

वाचनालयाचे चिटणीस स्वतःच फडकं घेऊन त्या पुसत होते. मला बघताच म्हणाले, "या, या! उचलून बघा. अहो, बघा तर! करंगळीवर उचलते. ऑस्ट्रियाचा माल आहे. आपण कळकाचा बांबू शेकून वाकवतो ना, तसं तिकडे लाकूड वाफवून वाकवतात म्हणे."

"ठाऊक आहे," मी म्हणालो.

"तुम्हाला सगळंच ठाऊक असतं. बसून तरी बघा. का यांच्यावरही पत्रक काढणार आहात?"

मी बसलो. वर्तमानपत्र समोर ओढलं, पण उघडलं नाही. नव्या व्हार्निशचा वास नाकात शिरला होता. त्याच्या खाली, फार खोल, धोत्र्याच्या जळत्या पानांचा कडू वास होता. तो त्या खोलीत कुठंच नव्हता.

आमची वाडी इथून हाकेच्या अंतरावर. तळमजल्यावर छापखाना होता आणि वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. आतली खोली चुलीची, बिनखिडकीची, बारा महिने धुरानं काळी. बाहेरची खोली मोठ्या खिडकीची. त्या खिडकीतून सगळं गिरगाव आत यायचं. सकाळी देवळातली घंटा, ट्रामच्या घोड्यांच्या टापा, फुलवाल्याची हाक. चौपाटीकडून वारा वळला की सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, आणि ठमाकाकूंचं खिडकी लावून घेत "शिव शिव" म्हणणं. ठमाकाकू आमच्या शेजारीण, भिंतीला भिंत लागून. वारा पूर्वेचा असला तर लालबागेकडच्या गिरणीचा भोंगाही यायचा, झोपेत कुणी कण्हावं तसा.

खालून यायचा तो शाईचा आणि खळीचा वास. त्या छापखान्याच्या रद्दी तावांवर मी अक्षरं गिरवली. एका तावावर मिशनऱ्यानं आपल्या धर्मावर केलेला हल्ला, दुसऱ्यावर शास्त्र्यांनी त्याला दिलेलं उत्तर, तिसऱ्यावर बालविवाहाचा धिक्कार, चौथ्यावर त्या धिक्काराचा धिक्कार. शिशाच्या अक्षरांचे खिळे तेच. आज या पक्षाची बाजू मांडत, उद्या त्या. खिळे जुळवणारे दोघांनाही सारख्याच शिव्या देत. मी मात्र मिसरूड फुटायच्या आत माझी बाजू ठरवून टाकली होती. जगात जे अन्यायाचं आहे ते मोठ्यानं सांगायचं, सरळ सांगायचं, आणि ज्याला झोंबेल त्याला झोंबू द्यायचं. इतर मुलं पतंगावर वाढली, मी पत्रकांवर.

खुर्ची आमच्या घरी आली ती गोणपाटात बांधून, तुकड्यातुकड्यांनी. अण्णा, म्हणजे माझे वडील, फोर्टातल्या एका आयात करणाऱ्या पेढीत कारकून होते. बोटीत एका पेटीत पाणी शिरलं, एका खुर्चीच्या पायाला डाग पडला, साहेबानं ती बाजूला काढली आणि ती अण्णांच्या वाट्याला आली. त्यांनी गोणपाट सोडलं तेव्हा जमिनीवर नुसत्या बाकदार काठ्या आणि एक जाळीदार चकती पडली.

"हे काय आणलंस?" आजोबा खिडकीखालच्या घोंगडीवरून म्हणाले. "पाळणा?"

"खुर्ची आहे, तात्या. जोडायची असते."

"साहेब लोक मोडकं विकतात आणि तुम्ही जोडत बसता."

आम्ही जोडली. अण्णा घामाघूम झाले. शेवटी एक स्क्रू उरला. तो कुठला हे आम्हाला कधीच कळलं नाही, आणि खुर्चीलाही त्याची उणीव भासली नाही. ती खोलीच्या मध्यावर उभी राहिली, पातळ, तांबूस, चकचकीत. वाडीतली माणसं बघायला आली. त्या काळी खुर्ची म्हणजे शिसवी. हाताला सिंह, पाठीला मोर, पायाला वाघनखं, आणि हलवायला दोन हमाल. ठमाकाकूंनी या खुर्चीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"बाई बाई, नक्षी कुठाय हिची? नुसती हाडं हाडं. पाय बघा, बगळ्याचे!"

"हलकी आहे हो, ठमाकाकू," अण्णा म्हणाले.

"हलकीच दिसत्येय."

सगळे हसले. आई दाराआड उभी होती. सगळे गेल्यावर ती पुढं आली. पाठीच्या कमानीच्या एका टोकावर तिनं बोट ठेवलं आणि हळूहळू फिरवत नेलं. वर, वळणावरून, पलीकडे, खाली, थेट मागच्या पायापर्यंत. ते सगळं एकच लाकूड होतं.

"हात कुठं अडतच नाही," ती स्वतःशी म्हणाली.

आजोबा हायकोर्टात मोडीचे लेखनिक होते. उभा जन्म त्यांनी वाकड्या, जोडलेल्या, धावत्या अक्षरांत काढला होता. ते बराच वेळ खुर्चीकडे बघत राहिले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या आईला सांग, लेखणी न उचलता लिहिली आहे ही. मोडीत."

आई तिथंच, दोन हातांवर उभी होती. पण आमच्या घरची रीत अशी की सासरा सुनेशी समोरासमोर बोलत नाही. मध्ये कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. मी वळलो आणि सांगितलं, "आई, आजोबा म्हणतात, मोडीत लिहिली आहे."

"हो," आई म्हणाली. पदराआड हसली असावी.

मग खुर्ची कोपऱ्यात गेली आणि तिच्यावर कुणीच बसेना. अण्णांना पेढीत दिवसभर खुर्चीवर बसून पाठीला रग लागायची, घरी आले की ते सतरंजीवर आडवे व्हायचे. आजोबा म्हणायचे, कोर्टात ज्याच्यासमोर उभा राहिलो त्याचं ते आसन, आता मला त्याचं काय? ती पाहुण्यांसाठी राहिली. पाहुणेही टेकल्यासारखं करून लगेच खाली सतरंजीवर मांडी घालायचे आणि सुस्कारा टाकायचे. आई रोज सकाळी ती पुसायची. दुपारी ऊन आलं की वेताच्या जाळीची सावली जमिनीवर पडायची, षट्कोनी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. ती सरकत सरकत भिंतीपर्यंत जायची. मला वाटायचं, या घरात खुर्चीवर बसतं ते फक्त ऊन.

आईला दम्याचा विकार होता. श्रावणातली ओल आणि मार्गशीर्षातली थंडी, दोन्ही तिच्या वैरी. छातीत शिटी वाजायला लागली की मी खापरात धोत्र्याची वाळली पानं पेटवून तिच्यापुढं धरायचो. ती धूर ओढायची. निजणं तिला अशक्य व्हायचं, आडवी झाली की श्वास कोंडायचा. भिंतीला टेकून बसावं तर ओल पाठीतून छातीत उतरायची. मला माझ्या आईचा चेहरा आठवायचा म्हटलं की आधी तिचे वर ओढलेले खांदे आठवतात.

श्रावणातली एक दुपार. अण्णा पेढीत, आजोबा देवळात. आईचा श्वास फार चढला. ती भिंत धरून उठली, खोलीत दोन पावलं चालली, आणि हाताला लागली ती खुर्ची. तिनं विचार केला नसेल. ती उलट्या बाजूनं बसली, छाती पाठीच्या कमानीकडे, दोन्ही हात कमानीवर, कपाळ हातांवर. आणि हळूहळू तिचे खांदे खाली आले. जाळी तिच्या वजनानं जराशी झुकली होती. खालून वारा खेळत होता. मी खापर हातात घेऊन तसाच उभा. शिटी बारीक होत गेली. बाहेर पागोळ्या गळत होत्या आणि आत माझी आई, मला आठवतं तसं पहिल्यांदाच, बसल्या बसल्या झोपली.

जिन्यावर आजोबांच्या खडावा वाजल्या. ती दचकून उठली, खाली बसली, पदर सावरला. श्वास पुन्हा तुटला.

त्या दिवसापासून असंच चाललं. घरात पुरुष नसला की आई खुर्चीवर, आणि खडावा वाजल्या की खाली. वडीलधारं माणूस खाली घोंगडीवर असताना सुनेनं उंच आसनावर बसायचं नाही, हे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. ते भिंतींसारखं होतं. आतल्या खोलीत खुर्ची नेऊन उपयोग नव्हता, तिथं धूर. बाहेर गॅलरीत बसावं तर सगळी वाडी बघणार. श्वास घेण्यासारखी जागा एकच, खिडकीजवळ, आणि तिथं आजोबा.

मी किती दिवस गप्प बसणार? एका सकाळी आजोबा संध्या आटोपून बसले होते, आई आत भाकरी थापत होती. मी सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"आजोबा, आई खुर्चीवर बसली तर काय बिघडेल?"

आतला भाकरीचा आवाज थांबला.

"तिला खाली श्वास लागतो. खुर्चीवर लागत नाही. मी डोळ्यांनी बघितलंय. माणसाच्या जिवापेक्षा तुमची रीत मोठी आहे का?"

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हात उठेल. मी तयार होतो. रद्दी तावांवरचे सगळे मुद्दे मी मनात क्रमानं लावून आणले होते.

"तुझा आवाज फार मोठा आहे," ते एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आलो तर ते घोंगडीवर नव्हते. खिडकीखाली आमचा जुना सागवानी पेटारा होता, त्यात लग्नातली भांडी असत. आजोबा त्या पेटाऱ्यावर चढून बसले होते. पाय खाली लोंबकळत होते. घोंगडीची चौपदरी घडी करून त्यांनी बुडाखाली घेतली होती. हातानं ते पेटाऱ्याची उंची मोजत होते, मग नजरेनं खुर्चीची.

"ये. ती खुर्ची अशी इकडे आण, खिडकीशी. हं. वीत लावून बघ. खुर्ची किती?"

मी मोजली.

"आणि मी?"

मी मोजलं. "तुम्ही दोन बोटं उंच."

"मग ठीक. तुझ्या आईला सांग, माझे गुडघे धरलेत, खाली बसवत नाही. यापुढं मी पेटाऱ्यावर बसणार. मी वर आहे."

आई दारात आली होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं, समजलंही होतं. पण मला राग आला.

"मग सरळ सांगा ना, बस म्हणून! परवानगी द्या. हे कसलं ढोंग?"

"परवानगी दिली की ती कुणी दिली, कशी दिली, हे विचारणारे येतात. शेजारची पहिली येईल." त्यांनी भिंतीकडे मान केली. "मी वर बसलो. ती खाली बसली. यात विचारण्यासारखं काय आहे?"

"पण हे खरं नाही!"

"नसेल. तुझ्या आईला विचार, ढोंगानं धाप लागते का."

आई खुर्चीपर्यंत आली, क्षणभर उभी राहिली, आणि बसली. मी खाली छापखान्यात निघून गेलो. मला त्या तडजोडीची चीड होती. खोटं कशाला लिहू, थोडी आजही आहे. ज्या घरात हक्क हा शब्द उच्चारायला लागू नये म्हणून एक म्हातारा पेटाऱ्यावर चढतो, त्या घरात मला जन्म का मिळाला असं मला त्या वयात खरोखर वाटायचं.

पण त्या दुपारी! आज माझ्याकडे काय आहे म्हणून कुणी विचारलं तर मी त्या दुपारी मोजून दाखवीन. आजोबा वर, पाय हलवत, मांडीवर पोथी. आई खाली, खुर्चीत उलट्या बाजूनं बसलेली, हात कमानीवर. दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलत नसत. आजोबा ओव्या वाचत, आणि ओवीच्या शेवटी जरा थांबत. मला वाटायचं ते म्हातारपणामुळं. पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं की ते आईच्या श्वासासाठी थांबत. तिचा श्वास आत जाऊन बाहेर आला की पुढची ओवी. तिला त्रास जास्त असेल त्या दिवशी अध्याय संपता संपत नसे. चैत्रात खिडकीत पन्ह्याचं भांडं असे, वैशाखात आजोबा पंख्यानं वारा घेत, आणि पंखा अशा बेतानं हलवत की वारा खाली खुर्चीपर्यंत जावा. उन्हाची ती षट्कोनी सावली आता जमिनीवर पडत नसे. आई बसलेली असे.

ठमाकाकू डोकावल्याच एकदा.

"अगो बाई! सासऱ्यासमोर खुर्चीवर?"

"समोर कुठं? मी वर आहे," आजोबा पोथीतून मान न काढता म्हणाले. "मोजून घ्या हवं तर."

ठमाकाकूंनी खरंच डोळ्यांनी मोजलं. "असं होय," म्हणाल्या, आणि चक्क पटल्यासारख्या निघून गेल्या. मला हसूही आलं आणि रडूही.

मी मोठा झालो. खालच्याच छापखान्यात नोकरीला लागलो आणि माझं पहिलं पत्रक छापलं. घराघरांतल्या उंच आणि नीच आसनांवर होतं ते. भाषा अशी जळजळीत की खिळे जुळवणारा म्हणाला, "अरे, हात भाजले माझे." कुणी विकत घेतलं नाही. गठ्ठे घरी आले आणि माळ्यावर पडले. आजोबांनी ते वाचलं होतं.

त्यांना पेटाऱ्यावर चढणं जड जाऊ लागलं होतं. आधी माझ्या खांद्यावर एक हात, मग दोन्ही. मग मी उचलूनच बसवायचो. हलके झाले होते, पक्ष्यासारखे. आणि मग एका भाद्रपदात त्यांच्या कमरेचं हाड मोडलं. वैद्य म्हणाले, आता उठायचं नाही. त्यांचं अंथरूण जमिनीवर, खिडकीखाली.

आई खुर्चीवरून उतरली. दिवसभर, पहाटेपासून, ते खाली होते म्हणून ती खाली. भिंतीला टेकून, ओलीला पाठ लावून, त्यांना पेज भरवत, त्यांची कूस बदलत. तिच्या छातीतली शिटी आता सारखीच वाजायची. आजोबा छताकडे बघत ती ऐकत पडलेले असायचे. ओव्या बंद झाल्या होत्या. खोलीत एवढा एकच आवाज.

"अण्णाला सांग, खाट आणायला," एका सकाळी ते म्हणाले.

अण्णांनी कुठूनशी खाट आणली. ती बुटकी निघाली. मी वाडीच्या मागून विटा आणल्या, चारही पायांखाली घातल्या. आजोबांनी मान वळवून खुर्चीकडे बघितलं. नजर अजून लेखनिकाची होती.

"अजून दोन बोटं."

आणखी विटा नव्हत्या, आणि एकीवर दुसरी ठेवली की खाट डुलायची. मी माळ्यावर चढलो, पत्रकांचे गठ्ठे काढले. चार पायांखाली चार गठ्ठे. कोरे, घट्ट बांधलेले, कुणी न वाचलेले.

"काय घातलंस रे?"

"माझी पत्रकं."

"घट्ट आहेत?"

"आहेत."

"बरं झालं. हलायची नाही." मग जरा थांबून, "तुझ्या आईला सांग, मी वर आहे."

आई बसली. खुर्चीनं तिला नेहमीसारखं आपल्यात घेतलं, आणि तिचे खांदे खाली आले. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. माझ्या पत्रकांचा याहून चांगला उपयोग अजून झालेला नाही. हे मी कुणा सुधारकाला अजून सांगितलेलं नाही.

थंडी पडली तेव्हा आजोबा जायला निघाले. सकाळची वेळ होती. खिडकीतून कोवळं ऊन खाटेवर आलं होतं. भटजी आले, ठमाकाकू तुळस आणि गंगेचं पाणी घेऊन आल्या. अण्णा पायथ्याशी उभे. आई खुर्चीत, उशाजवळ, कारण त्या सकाळी तिचाही श्वास वाईट होता.

"भुईवर घ्या आता," भटजी म्हणाले.

जाणाऱ्या माणसाला खाली घ्यायचं, सारवलेल्या जमिनीवर, दर्भावर. खाटेवर प्राण गेला तर गती नाही, हे आमच्याकडे लहान मूलही जाणतं. आजोबांनी तर आयुष्यभर कितीतरी लोकांना आपल्या हातांनी खाली घेतलेलं होतं. ठमाकाकूंनी जमिनीवर पाणी शिंपडलं, दर्भ पसरले. अण्णा आणि मी वाकलो.

आजोबांनी हात हलवला. नको.

"तात्या," अण्णा म्हणाले. "खाली घ्यायलाच हवं."

पुन्हा हात हलला. त्यांची नजर आमच्याकडे नव्हती. खुर्चीकडे होती.

"अहो, काय चाललंय हे?" ठमाकाकू रडवेल्या झाल्या. "खाटेवर का मरायचंय त्यांना? सांगा कुणीतरी!"

आईला कळलं. सगळ्यांच्या आधी तिला कळलं. ती खुर्चीवरून उठली आणि भिंतीशी जमिनीवर जाऊन बसली. धापेतून एकेक शब्द काढत ती मला म्हणाली, "मामंजींना सांग... मी खाली बसलेय... आता त्यांना... खाली घ्यायला हरकत नाही."

मी सांगायला वळलो. जन्मभर हेच काम केलं होतं, इकडचं तिकडे. पण मला तोंड उघडावं लागलं नाही. आजोबांनी उशीवर मान वळवली, मला ओलांडून, थेट तिच्याकडे.

"सूनबाई," ते म्हणाले.

हा शब्द ते माझ्याजवळ कितीदा बोलले असतील. तिच्याजवळ कधीच बोलले नव्हते.

"आधी तू वर बस. मग मला खाली घेऊ देत."

आई तशीच बसून राहिली. ठमाकाकूंनी तोंडाला पदर लावला. भटजी जमिनीकडे बघत होते.

"मामंजी, नको..."

"बस, पोरी. मला तुझा श्वास ऐकू येऊ दे."

ती उठली. माझा हात धरून खुर्चीपर्यंत आली आणि बसली. मग आम्ही त्यांना खाली घेतलं, दर्भावर, खुर्चीच्या अगदी जवळ, कारण खोलीत तेवढीच जागा होती. त्यांचं मस्तक तिच्या पावलांपाशी आलं. आईनं चटकन पाय वर घेतले. त्या एवढ्याशा गोल बैठकीवर तिनं मांडी घातली, पावलं लुगड्यात झाकून घेतली, आणि अंग जरा पुढं झुकवून बसली. ज्यानं ती खुर्ची घडवली त्यानं असं बसणं कधी मनात आणलं नसेल. पण खुर्चीनं तिला घेतलं. वेत वाजला, इतकंच.

आजोबा खालून वर बघत होते. आई वरून खाली. अण्णांनी तुळशीपत्र ठेवलं. आईचा श्वास येत होता, जात होता. पहिल्यांदा कष्टानं, मग सावकाश. आजोबांचा त्याच्या मागून, थांबून थांबून. मग एकदा तिचा आला, आणि त्यांचा आला नाही.

पेटारा आजोबांची जागा म्हणूनच राहिला, तिथं पुन्हा कुणी बसलं नाही. आईला आता खुर्चीवरून उठवणारं कुणी नव्हतं. सगळी दुपार तिचीच होती. ती बसायची, हात कमानीवर ठेवायची, आणि म्हणायची, "वाच रे काहीतरी." मी पत्रकं वाचायचो, लेख वाचायचो. माझं वाचन घाईचं, मुद्द्यावर धावणारं. तिचा श्वास मागं पडायचा. मग ती म्हणायची, "असू दे."

प्लेगच्या साथीच्या वर्षी वाडी रिकामी झाली. त्याच हिवाळ्यात आई गेली. घराघरांतलं सामान सरकारी माणसांनी खाली चौकात काढून पेटवलं, त्या ढिगात खुर्चीही होती. अण्णा कोकणात गेले. छापखान्याला टाळं लागलं. मी परळला एका खोलीत राहतो, लिहितो, छापतो, भांडतो. माझी पत्रकं आता विकली जातात.

वाचनालयात टेबलाभोवती सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. सगळ्या एका उंचीच्या. कुणी मोठा नाही, कुणी लहान नाही. एक पागोटंवाला, एक टोपीवाला, एक गिरणीतला कुणी, चष्मा सावरत अक्षर लावणारा. ज्याला जिथं जागा मिळाली तिथं तो बसला होता, कुणाला न विचारता. हेच मी मागत आलो, हेच मला हवं आहे, आणि त्यातला एक शब्दही मी मागं घेणार नाही. पण टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणाचं नाव मला ठाऊक नव्हतं. माझ्या छातीत काय चाललं आहे हे ऐकून कुणी पान उलटायचं थांबणार नव्हतं. मी माझा श्वास ऐकत होतो. तो ठीक होता. मला दमा नाही.

चिटणीस फडकं घेऊन माझ्यामागं आले. कमानीवरून हात फिरवत हळूच म्हणाले, "काय, आरामशीर आहे ना?"

"आहे," मी म्हणालो.

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि पुढच्या खुर्चीकडे वळले.